प्रत्येक विषयाच्या तासाला वाचन आणि लेखन : माध्यमिक शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान, गणित, इतिहास आणि भूगोल शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आहेत. उदाहरणे मुख्यतः राज्य मंडळाच्या मराठी आणि सेमी इंग्रजी माध्यमाच्या वर्गांतील आहेत.

वाचन-लेखन शिकवणे हे मराठीच्या शिक्षकांचे काम आहे. ते विषयशिक्षकाने का करावे?

मराठीच्या तासाला विद्यार्थी कथा, कविता आणि ललित लेख वाचतो, तसेच पत्र, सारांश आणि निबंध लिहायला शिकतो. भूमितीतील प्रमेय, रासायनिक अभिक्रियेचे वर्णन किंवा लोकसंख्येचा तक्ता कसा वाचायचा, हे त्या तासाला शिकवले जात नाही आणि तशी अपेक्षा करणेही रास्त नाही. गणिताच्या पुस्तकातील एक ओळ तीनदा वाचावी लागते, विज्ञानाचा परिच्छेद वाचताना नजर शेजारच्या आकृतीकडे वारंवार न्यावी लागते आणि इतिहासाचा उतारा वाचण्याआधी तो कोणी लिहिला हे पाहावे लागते. या सवयी त्या त्या विषयाच्या शिक्षकाच्या इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात, की त्या मुद्दाम शिकवाव्या लागतात याचे भानच राहत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाने व्याकरण शिकवावे, असे येथे सुचवायचे नाही. आपण आपल्या विषयाचे पान कसे वाचतो आणि आपल्या विषयातील उत्तर कसे रचतो, एवढेच त्याने मुलांसमोर उघड करून दाखवायचे आहे.

हा विचार अलीकडचा आहे का?

नाही. इंग्लंडमध्ये अ‍ॅलन बुलक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७५ साली दिलेल्या अहवालात, भाषेची जबाबदारी सर्व विषयांच्या शिक्षकांनी उचलावी आणि प्रत्येक शाळेने त्यासाठी स्वतःचे धोरण ठरवावे, असे सुचवले होते. अमेरिकेत २०१० साली आलेल्या कॉमन कोअर मानकांत तर सहावी ते बारावीसाठी इतिहास, विज्ञान आणि तांत्रिक विषयांतील वाचन-लेखनाचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्या शाळेत असे धोरण असो वा नसो, ‘शास्त्रीय कारणे लिहा’, ‘पुढील विधाने सकारण स्पष्ट करा’, ‘भौगोलिक कारणे लिहा’ हे प्रश्न आपल्या प्रश्नपत्रिकांत आहेतच आणि त्यांचे निम्मे काम लेखनाचे आहे.

आमची मुले धडा खणखणीत आवाजात वाचतात. मग अडचण नेमकी कोठे आहे?

मोठ्याने वाचता येणे आणि वाचलेले समजणे यांतील अंतर माध्यमिक वर्गांत वाढत जाते, कारण प्राथमिक इयत्तांतील पाठ बहुधा गोष्टीच्या अंगाने जातात, तर आठवीनंतरच्या परिच्छेदांत एकेका वाक्यात दोन-तीन नव्या संज्ञा दाटीवाटीने येतात. आपल्या वर्गाची स्थिती पाहण्याचा एक सोपा मार्ग आहे. उद्या शिकवायच्या धड्यातील एक परिच्छेद आज काही न समजावता मूकवाचनासाठी द्यावा, पाच मिनिटांनी पुस्तके मिटायला सांगावीत आणि ‘या परिच्छेदाने काय सांगितले?’ याचे उत्तर एका वाक्यात लिहून घ्यावे. बहुतेक वर्गांत तीन प्रकारची उत्तरे येतात. काही मुले परिच्छेदाचे पहिले वाक्य आठवेल तसे लिहितात, काही फक्त विषयाचे नाव लिहितात (‘यात उष्णतेबद्दल सांगितले आहे’) आणि फार थोडी मुले परिच्छेदाचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडतात. शिकवण्याची सुरुवात पहिल्या दोन गटांपासून करायची आहे.

धडा एकेका मुलाने दोन-दोन ओळी उभे राहून वाचण्याची पद्धत मात्र यासाठी निरुपयोगी आहे. आपली पाळी कधी येईल याची गणिते करण्यात बाकीच्या वर्गाचे लक्ष असते, आणि ज्याला वाचता येत नाही त्याची चारचौघांत शोभा होते.

काही विद्यार्थ्यांना नववीतही साधा मजकूर वाचता येत नाही. त्यांचे काय करावे?

ही अडचण खरी आहे आणि ती आपल्याच शाळेपुरती नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या असर २०२३ या अहवालात ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयोगटाची पाहणी आहे आणि त्यातील सुमारे २५ टक्के मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतील दुसरीच्या पातळीचा मजकूर सफाईने वाचता आला नाही. अशा विद्यार्थ्याला विषयाच्या तासातील युक्त्या पुरणार नाहीत. त्याला अक्षरे, जोडाक्षरे आणि वाक्ये यांचा स्वतंत्र सराव रोज मिळायला हवा आणि ती सोय शाळेने वेळापत्रकात करायला हवी. दरम्यान विषयशिक्षकाने त्याला परिच्छेद ऐकवावा, आकृतीवरून बोलते करावे आणि एक-दोन वाक्यांचे लेखन स्वीकारावे. वाचता येत नाही म्हणून विज्ञान समजत नाही, असा निष्कर्ष घाईने काढू नये. त्याचप्रमाणे अक्षरांची उलटापालट, लिहिण्याचा असाधारण मंदपणा अशी लक्षणे सातत्याने दिसत असतील, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घेण्यास पालकांना लवकर सुचवावे, कारण रीतसर प्रमाणपत्र असल्यास मंडळाच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात आणि ही धावपळ दहावीच्या जानेवारीत करून भागत नाही.

विज्ञानात ‘शास्त्रीय कारणे’ मुलांना का लिहिता येत नाहीत?

कारण त्यांना ती लिहायला कोणी शिकवलेलेच नसते. त्यांना तयार उत्तर उतरवून दिलेले असते. ‘उन्हाळ्यात मातीच्या माठातील पाणी थंड राहते’ हे विधान घ्या. वर्गात हमखास येणारे उत्तर असे असते : ‘माठ मातीचा असतो आणि माती थंड असते, म्हणून पाणी थंड राहते.’ हे उत्तर चूक ठरवून पुढे जाणे सोपे आहे. त्याऐवजी ते नाव न घेता फळ्यावर लिहावे आणि वर्गाला विचारावे, की माती थंड असते तर उन्हात ठेवलेली वीट गरम का होते? ‘म्हणून’ हा शब्द वाक्यात आहे, परंतु त्याच्या अलीकडे आणि पलीकडे असलेल्या गोष्टींचा सांधा जुळत नाही, हे मुलांना त्या प्रश्नानंतर स्वतःच दिसते.

मग उत्तराची रचना त्यांच्याबरोबर बांधावी. पहिल्या वाक्यात वस्तूचा गुणधर्म येतो : माठाच्या भिंतीला अतिसूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून पाणी बाहेरच्या पृष्ठभागावर झिरपते. दुसऱ्या वाक्यात प्रक्रिया येते : या पाण्याचे बाष्पीभवन होते. तिसऱ्यात तत्त्व येते : बाष्पीभवनासाठी उष्णता लागते आणि ती माठातून व आतील पाण्यातून घेतली जाते. चौथ्यात परिणाम येतो : त्यामुळे आतील पाण्याचे तापमान कमी होते. हाच साचा हातावर स्पिरिट लावल्यावर गार का वाटते, या प्रश्नाला मुलांनी स्वतः लावून पाहावा आणि माठाचे उत्तर त्या वेळी फळ्यावरून पुसलेले असावे. पुढे याच वर्गाला ‘पावसाळ्यात माठातील पाणी तितके थंड का होत नाही?’ असे विचारता येते. ज्याने उत्तर पाठ केले आहे तो येथे अडखळतो आणि ज्याने साखळी समजून लिहिली आहे तो हवेतील आर्द्रतेपर्यंत पोहोचतो.

प्रयोगाच्या वहीबाबत एक गोष्ट स्पष्टपणे म्हणावीशी वाटते. साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान हे चार मथळे सर्व वह्यांत शब्दशः सारखे असतील, तर ते मुलांचे लेखन नव्हे. कृती छापील असू द्यावी. पण निरीक्षण प्रत्येकाने जे पाहिले तेच लिहावे आणि ते अपेक्षेपेक्षा वेगळे आले तर तसेच राहू द्यावे. अनुमानाचे वाक्य त्या वेगळ्या निरीक्षणाशी ताडून लिहिणे हा विज्ञानातील लेखनाचा सर्वांत चांगला सराव आहे.

गणितात वाचण्यासारखे असते तरी काय?

शाब्दिक उदाहरणात तर सारे काही वाचण्यातच असते. ‘एका संख्येतून ७ वजा केले’ आणि ‘७ मधून एक संख्या वजा केली’ या दोन वाक्यांत शब्द जवळपास तेच आहेत, तरी पहिल्याची मांडणी क्ष − ७ आणि दुसऱ्याची ७ − क्ष अशी होते. ‘वडिलांचे आजचे वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा ५ वर्षांनी कमी आहे’ हे वाक्य वाचून अनेक मुले ३(क्ष − ५) असे लिहितात, कारण ‘तिप्पट’, ‘५’ आणि ‘कमी’ एवढेच शब्द टिपून ती आकडेमोडीला लागतात. यावर उपाय म्हणून उदाहरण सोडवण्याआधी ते आकड्यांशिवाय सांगायला लावावे : कोणाची तुलना कोणाशी आहे, कोण मोठे आहे, काय माहीत आहे आणि काय शोधायचे आहे. आठवड्यातून एकदा उलट काम द्यावे, म्हणजे समीकरण फळ्यावर लिहून त्यावर बसणारे शाब्दिक उदाहरण मुलांकडून रचून घ्यावे. त्यांतील निम्मी उदाहरणे विचित्र निघतात (मुलाचे वय वडिलांपेक्षा जास्त येते) आणि ती का चुकली यावरील चर्चेत ‘पेक्षा’चा अर्थ अधिक पक्का होतो.

भूमितीत पक्ष, साध्य आणि सिद्धता या मांडणीमुळे लेखनाचा साचा तयार मिळतो. अडते ते ‘जर–तर’ या रचनेत. पायथागोरसचे प्रमेय आणि त्याचा व्यत्यास यांत गृहीत धरलेली गोष्ट आणि सिद्ध करायची गोष्ट यांची अदलाबदल होते. ती सूत्रात दिसत नाही, वाक्यातच दिसते. त्यामुळे सिद्धतेला हात घालण्याआधी दोन्ही विधाने वहीत पूर्ण वाक्यांत लिहून घ्यावीत.

इतिहासाचे वाचन गोष्टीच्या वाचनाहून वेगळे कसे?

अमेरिकी संशोधक सॅम वाइनबर्ग यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इतिहासकार आणि हुशार शालेय विद्यार्थी यांना एकाच घटनेसंबंधीची तीच कागदपत्रे वाचायला दिली होती. विद्यार्थ्यांनी प्रत्येक कागद पाठ्यपुस्तकाप्रमाणे वरून खाली वाचला. इतिहासकारांची नजर मात्र आधी लेखकाचे नाव, तारीख आणि कागदाचा प्रकार यांकडे गेली. दहावीच्या सध्याच्या पाठ्यपुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या परंपरेपासून होते आणि प्रश्नपत्रिकेत उतारा वाचून उत्तरे लिहिण्याचा प्रश्नही असतो, त्यामुळे ही नजर आपल्या मुलांना देणे अभ्यासक्रमाबाहेरचे नाही.

यासाठी चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्करातील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठवलेले पत्र फार उपयोगी पडते. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणागोटा आणि गवत जपून वापरा, ते संपले आणि तुम्ही रयतेकडून धान्य, भाकर, भाजी घेऊ लागलात तर लोकांना मोगलांपेक्षा तुम्हीच वाईट वाटाल, असे त्यात बजावले आहे. रात्री जळता दिवा तसाच ठेवला तर उंदीर वात ओढून नेतील आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत सूचना आहेत. वर्गात हे पत्र वाचून ‘महाराज किती दक्ष होते’ असे एक कौतुकाचे वाक्य लिहून घेतले, तर इतिहासाचे वाचन सुरूही झाले नाही. पत्र कोणाला लिहिले आहे? ते गुप्त होते की सर्वांना वाचून दाखवण्यासाठी होते? अशी ताकीद द्यावी लागते, याचा अर्थ लष्कराकडून त्या वेळी काय घडत असावे? रयतेने स्वतः लिहिलेला कागद आपल्याला मिळाला असता तर त्यात काय असते?

यानंतर सभासदाच्या बखरीतील एखादा उतारा शेजारी ठेवावा. महाराजांचे निधन १६८० साली झाले आणि ही बखर त्यानंतर, सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे लिहिली गेली. घटनेच्या वेळचा हुकूम आणि नंतर लिहिलेला वृत्तान्त यांवर विसंबण्याच्या रीती वेगळ्या असतात, हे मुलांना या जोडीवरून समजते. लेखनासाठी चार ओळी पुरेत : ‘या पत्रावरून मला ... असे दिसते, कारण पत्रात ... असे म्हटले आहे, मात्र... हे यावरून सांगता येत नाही.’ शेवटचा भाग लिहिताना मुले सुरुवातीला फार बिचकतात, कारण पुस्तकातून एखादी गोष्ट कळत नाही असे लिहिण्याची मुभा त्यांना कधी मिळालेली नसते.

भूगोलात?

तक्ता, आलेख आणि नकाशा हेच येथील मुख्य वाचन आहे. शीर्षक, एकक आणि सूची वाचल्याशिवाय आकड्यांकडे जायचे नाही, एवढा एक दंडक वर्गाने पाळला तरी पुष्कळ फरक पडतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तेथून पूर्वेला सुमारे शंभर किलोमीटरवरील माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो, ही दोन माहितीची वाक्ये झाली. त्यांच्यामध्ये सह्याद्री आणि नैर्ऋत्य मोसमी वारे आणून बसवणे हे भौगोलिक लेखन झाले. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. तेथे ‘फरक’ लिहिताना दोन्ही बाजूंना एकच मुद्दा समोरासमोर आला पाहिजे, हे आवर्जून शिकवावे, नाहीतर डावीकडे हवामान आणि उजवीकडे पिके अशी उत्तरे येतात.

पारिभाषिक शब्द पाठ करून घ्यावेत का?

व्याख्या पाठ होते आणि शब्द परकाच राहतो, असा अनुभव बहुतेकांना असेल. सर्वांत दगा देतात ते ओळखीचे शब्द. ‘कार्य’ हा शब्द मुलांना माहीत असतो, म्हणून ती थांबत नाहीत. पण डोक्यावर ओझे घेऊन स्तब्ध उभ्या असलेल्या हमालाने भौतिकशास्त्राच्या दृष्टीने कार्य केलेले नसते, हे त्यांना पटत नाही. ‘बल’, ‘शक्ती’ आणि ‘ऊर्जा’ हे तीन शब्द घरी एकमेकांच्या जागी चालतात, विज्ञानात चालत नाहीत. अशा प्रत्येक शब्दासाठी वहीत चार चौकोन आखावेत : अर्थ स्वतःच्या शब्दांत, लक्षणे, उदाहरण आणि उदाहरण वाटते पण नाही अशी गोष्ट. चौथा चौकोन भरताना खरी समज उघडी पडते. प्रत्येक धड्यात असे चार-पाच शब्दच निवडावेत. ठळक छापलेला प्रत्येक शब्द घेऊ लागल्यास त्याचीही घोकंपट्टी होते.

सेमी इंग्रजीच्या वर्गात कोणत्या भाषेत लिहून घ्यावे?

परीक्षा इंग्रजीत असल्याने अखेरचे लेखन इंग्रजीतच व्हावे लागते, मात्र विचार आणि चर्चा मराठीत होण्यास काहीच हरकत नाही, उलट ती व्हावीच. मुलांनी कारणांची साखळी आधी मराठीत बोलून घ्यावी, मग शिक्षकांनी इंग्रजी वाक्यांच्या सुरुवाती फळ्यावर द्याव्यात आणि पुढचे मुलांनी पूर्ण करावे. दोन्ही भाषांतील संज्ञा शेजारी-शेजारी लिहिलेली वही वर्षभर चालवावी. गोव्यात मराठी प्राथमिक शाळेतून चौथी संपवून पाचवीला इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या मुलांनाही हीच रीत उपयोगी आहे. इंग्रजी उत्तर न समजता पाठ करणाऱ्या मुलाला चांगले गुण मिळतात आणि त्यामुळे अडचण अकरावीपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

विज्ञान-इतिहासात शुद्धलेखनाचे गुण कापावेत का?

सामान्य शब्दांतील ऱ्हस्व-दीर्घासाठी कापू नयेत. पण अक्षर बदलल्याने अर्थ बदलत असेल तर ती विषयातील चूक आहे : सल्फेट आणि सल्फाइड, नायट्रेट आणि नायट्राइट, आम्ल आणि आम्लारी, परावर्तन आणि अपवर्तन. येथे सवलत देऊ नये.

मुले बोलीत उत्तरे देतात. ती सुधारावीत का?

तोंडी उत्तरे बोलीत येऊ द्यावीत, अहिराणीत, वऱ्हाडीत, मालवणीत, जशी येतील तशी. कारण बरोबर सांगितले असेल तर ते आधी मान्य करावे आणि मग ‘हेच पेपरात कसे लिहाल?’ असे विचारावे. उच्चारावरून हशा झालेले मूल त्या विषयाच्या तासाला पुन्हा तोंड उघडत नाही. कोरकू किंवा गोंडी घरात बोलणाऱ्या मुलांसाठी मात्र मराठी हीच दुसरी भाषा असते. त्यांना चित्रे, कृती आणि मोठ्याने बोलून पाहण्याचा वेळ इतरांपेक्षा अधिक द्यावा लागतो.

साठ मुलांच्या वर्गात एवढे लेखन तपासायचे कसे? आणि पोर्शन?

सर्व लेखन तपासण्याचा अट्टहास सोडावा. तासाच्या अखेरीस प्रत्येकाकडून कागदाच्या चिठोऱ्यावर एकच वाक्य लिहून घेतले, तर साठ वाक्ये ऑफ तासात वाचून होतात. त्यांतील दोन नमुने, एक चांगला आणि एक अपुरा, दुसऱ्या दिवशी नाव न सांगता फळ्यावर लिहून सर्वांनी मिळून दुरुस्त करावेत. दीर्घ उत्तर पंधरवड्यातून एकच घ्यावे आणि त्यात एकाच गोष्टीवर खूण करावी, उदाहरणार्थ, कारण आणि परिणाम जोडले आहेत की नाहीत. लाल शाईने भरलेले पान मुले पाहतच नाहीत.

पोर्शनची चिंता रास्त आहे, परंतु प्रश्नोत्तरे सांगून उतरवून घेण्यात किती तासिका जातात याचा हिशेब एकदा प्रामाणिकपणे मांडावा. गाइडमध्ये छापलेलेच उत्तर फळ्यावर लिहायचे आणि ते वहीत उतरले म्हणून ‘वही पूर्ण’ असा शेरा द्यायचा, यात शिक्षकाचा खडू आणि मुलांचा हात यांखेरीज कशाचाच वापर होत नाही. हा वेळ मोकळा केला तर वर सांगितलेले सर्व त्यात बसते. जे शिक्षक हे मान्य करूनही बदलत नाहीत त्यांनाही दोष देता येत नाही, कारण वह्या पूर्ण दिसाव्यात हा आग्रह पालकांचा आणि तपासणीला येणाऱ्यांचाही असतो.

मोबाइलवर तयार उत्तर मिळते. मग घरी लिहायला देण्यात अर्थ आहे का?

घरचे लेखन थोडे आणि वर्गातील लेखन जास्त, असे प्रमाण ठेवावे. घरी द्यायचेच असेल तर असे द्यावे, की जे मुलाला पाहावे किंवा विचारावे लागेल : गावातील विहिरीची पातळी, आजीच्या लहानपणीची शाळा, घरातील वीजबिलातील युनिटांचा हिशेब.

मुख्याध्यापकांनी काय करावे?

सर्व विषयांच्या शिक्षकांना एकत्र बसवून ‘सांगा’, ‘स्पष्ट करा’, ‘तुलना करा’, ‘सकारण लिहा’ या आज्ञार्थी शब्दांतून आपण नेमकी काय अपेक्षा करतो, हे एकदा ठरवून घ्यावे. इतिहासाच्या बाईंना ‘स्पष्ट करा’ म्हणजे सहा ओळी हव्या असतात आणि विज्ञानाच्या सरांना दोन. मुलांनी कोणाचे ऐकावे? याखेरीज प्रत्येक घटक चाचणीत, पाठ्यपुस्तकाबाहेरचा पण त्याच घटकावरचा एक लहान उतारा ठेवावा. परीक्षेत असल्याशिवाय शिक्षक त्याला वेळ देणार नाहीत, ही वस्तुस्थिती आहे.

पूरक वाचनासाठी मराठीत साहित्य कोठे मिळेल?

बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत, त्यामुळे खालच्या इयत्तेतील त्याच घटकाचे पान मागे पडलेल्या मुलांना सहज देता येते. बालभारतीच्याच ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक आणि मराठी विश्वकोशातील नोंदी महाजालावर वाचता येतात. विश्वकोशाची नोंद नववीच्या मुलाला जड जाते, म्हणून तिचा एकच परिच्छेद निवडावा. मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका शाळेच्या ग्रंथालयात असल्यास ती कपाटात न ठेवता वर्गात फिरवावी. वर्तमानपत्रातील धरणसाठ्याचा तक्ता पावसाळ्यात रोज येतो. तो कापून भूगोलाच्या वर्गाच्या दाराजवळ चिकटवावा आणि त्याखाली रोज एका मुलाने कालच्या आणि आजच्या आकड्यांतील फरकावर एक वाक्य लिहून सही करावी.